रुळांवरची सरहद्द : कॅसलरॉक आणि कुळें

हुपरीस रेल्वेचें स्टेशन नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतलें हें चांदीकामाचें गांव पंचगंगेच्या दक्षिणेस, तर रूळ तिच्या उत्तरेस. त्यामुळें पैंजण, तोडे, करदोडे असले डाग कापडांत बांधून परमुलखीं निघालेल्या हुपरीकर व्यापाऱ्यास आगगाडी गांठण्यासाठीं आधीं नदी ओलांडून हातकणंगलें किंवा रुकडी येथवर यावें लागे. हा रूळ कोल्हापूर दरबारच्या पैशानें घातलेला. शाहू छत्रपति वयांत येण्यापूर्वीं, १८८८ सालीं, त्याच्या कामास प्रारंभ झाला आणि १८९१ सालीं मिरज ते कोल्हापूर हा सुमारें एकोणतीस मैलांचा फांटा वाहतुकीस खुला झाला. मिरजेस पोंचलें म्हणजे उतारूपुढें दोन दिशा उघडत. उत्तरेची दिशा पुण्यास नि पुढें मुंबईस जाई. हुपरीस लागणारी चांदी त्याच बाजूनें येई. दक्षिणेची दिशा बेळगांवावरून लोंढ्यास पोंचे, आणि तेथून पश्चिमेकडे वळून सह्याद्रीच्या कड्यापाशीं एका लहानशा स्टेशनावर येऊन टेके. त्या स्टेशनाचें नांव कॅसलरॉक.

हातकणंगल्याहून कॅसलरॉकला जाणारी वाट किती राज्यांतून जाई, याचा हिशेब मोठा मौजेचा आहे. कोल्हापूर संस्थानांत तिकीट काढलेला उतारू मिरजेस पटवर्धनांच्या राज्यांत शिरे, पुढें बेळगांव जिल्ह्याच्या ब्रिटिश मुलखांत येई, आणि शेवटीं उत्तर कानडा जिल्ह्याच्या जंगलांत उतरे. या साऱ्या स्थित्यंतरांची डब्यांत बसलेल्या माणसास दादही लागत नसे. संस्थानांच्या हद्दी नकाशावर रंगविलेल्या असत. रुळांना त्यांची ओळख नव्हती. कॅसलरॉक येथें मात्र गाडी थांबे ती नुसतें पाणी भरण्यासाठीं थांबत नसे. स्टेशनाच्या पलीकडे घाट उतरला कीं पोर्तुगालचें राज्य लागे, आणि घाटाच्या पायथ्याशीं असलेलें कुळें हें त्या राज्याचें पहिलें मोठें ठाणें होतें. कॅसलरॉकला येणाऱ्या गाड्यांपैकीं कांहीं देशांतल्या देशांत फिरून तेथूनच माघारी वळत, तर कांहीं परराज्यांत उतरत. रूळ तेच, रुळांचें माप तेंच, घाटावरचीं नि घाटाखालचीं माणसेंही पुष्कळदां एकमेकांचीं सोयरीं. तरीहि मधल्या सोळा मैलांत एक राज्य संपून दुसरें सुरू होई.

या मार्गाच्या इतिहासांतील खरी चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या तहांतून तो जन्मास आला त्या तहाचा हेतु सरहद्द पुसून टाकण्याचा होता. २६ डिसेंबर १८७८ या दिवशीं लिस्बन येथें इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यामध्यें हिंदुस्थानांतील आपापल्या मुलखांविषयीं एक तह झाला. इंग्रजांच्या बाजूनें सर रॉबर्ट मोरियर यांनीं आणि पोर्तुगालच्या बाजूनें परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्वो यांनीं त्याची बोलणीं केलीं. तह १८८० च्या जानेवारींत अंमलांत आला आणि त्याची मुदत बारा वर्षांची ठरली. दोन्ही मुलखांमधील खुष्कीच्या हद्दीवरची जकात उठवावी, दोघांचीं जकातीच्या बाबतींत एकच पद्धति असावी, आणि मुरगांव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत आगगाडी घालावी, असा त्याचा थोडक्यांत आशय होता. चलनाचीहि सांगड घालण्यांत आली. पोर्तुगीज हिंदचा नवा रुपया वजनानें आणि कसानें ब्रिटिश रुपयासारखाच पाडला गेला. सोनाराच्या कांट्यावर दोन्ही रुपये सारखेच उतरत. एकावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, दुसऱ्यावर राजा लुईशचा, एवढाच काय तो भेद.

इंग्रजांना हा उदारपणा फुकट करावयाचा नव्हता. त्यांची दृष्टि मिठावर होती. ब्रिटिश हिंदुस्थानांत मिठावरील कर हें सरकारचें मोठें उत्पन्न, आणि गोव्याच्या मिठागरांतील स्वस्त मीठ घाट चढून वर येऊं लागलें कीं त्या उत्पन्नास गळती लागे. पिढ्यान् पिढ्या लमाण बैलांच्या पाठीवर घाटावरचें धान्य खालीं नेत आणि परततांना मीठ भरून वर आणीत. तहानें गोव्यांतील मीठ पिकविण्याचा नि विकण्याचा सारा ताबा इंग्रजांच्या हातीं गेला, आणि त्याबद्दल त्यांनीं पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लाख रुपये द्यावे असें ठरलें. ताडीमाडीच्या बाबतींतहि ब्रिटिश धर्तीची अबकारी गोव्यास लागूं झाली. मिठागरांच्या मालकांवर आणि माड काढणाऱ्या भंडाऱ्यांवर याचा आघात झाला. आगगाडी येणार, बंदर भरभराटीस येणार, हें आश्वासन उद्यांचें होतें. मिठाचा नि माडीचा धंदा बसला तो आज. गोव्यांतून तहाविरुद्ध तक्रारी उठल्या त्यांचें मूळ येथें आहे. लिस्बन नि लंडन येथील मुत्सद्द्यांनीं मिठागरांत उभ्या असलेल्या माणसाचा विचार फारसा केला होता असें त्या तहावरून दिसत नाहीं.

आगगाडीचें काम एका लंडनच्या कंपनीनें पत्करलें. ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ हें तिचें लांबलचक नांव. त्यांतील ‘गॅरंटीड’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. भांडवल इंग्लंडमधील भागीदारांचें, पण त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, असा तो व्यवहार होता. गाडी नफ्यांत चालो वा न चालो, भागीदाराचें व्याज सुटत नव्हतें. हिंदुस्थानांतल्या पहिल्या रेल्वे अशाच हमीवर बांधल्या गेल्या होत्या आणि त्यांचा बोजा येथील रयतेनें वाहिला होता. आतां तोच धडा पोर्तुगालच्या तिजोरीनें गिरवावयास घेतला. १८८१ सालीं करार झाला. मुरगांवापासून पूर्वेकडे सांवर्ड्यापर्यंतचा सपाटीवरचा भाग आधीं पुरा झाला. खरी परीक्षा होती ती पुढच्या घाटाची.

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या सुमारें सोळा मैलांत रुळांना दीड हजार फुटांहून अधिक उंची चढावी लागते. चढ सुमारें चाळीस फुटांस एक फूट इतका तिखट. डोंगराच्या कडा तासून, जागोजाग बोगदे खोदून आणि दऱ्यांवर पूल टाकून हा मार्ग वर नेण्यांत आला. गाडीचा ताबा सुटून ती उतारावरून घसरूं लागलीच तर तिला अडवितां यावें म्हणून मुख्य रुळांपासून फुटून चढावर जाणारे आडरूळ टाकण्यांत आले. याच घाटांत मांडवी नदी दूधसागर या नांवानें हजार फुटांहून अधिक उंचीवरून कोसळते, आणि रूळ त्या धबधब्याच्या अगदी समोरून, त्याचे तुषार अंगावर घेत, पुलावरून जातात. पावसाळ्यांत हें दृश्य पाहून उतारू खिडकीशीं गर्दी करतात. परंतु ज्या मजुरांनीं हिंवतापाच्या त्या जंगलांत पावसाळ्यामागून पावसाळे काढून हा मार्ग घातला, त्यांच्या नांवाचा दगड तेथें शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. घाटाला मिळालेलें नांव आहे तें पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचें.

वरच्या बाजूनें सदर्न मराठा रेल्वे कॅसलरॉकला येऊन भिडली. १८७६–७८ च्या भयंकर दुष्काळानंतर दक्षिणेंतल्या कोरड्या जिल्ह्यांना धान्य पोंचविण्याची सोय असावी, या विचारानें तिच्या मार्गांची आंखणी झाली होती. १८८८ च्या आरंभीं दोन्ही मार्ग जोडले गेले, आणि हुबळी-धारवाडचा कापूस कॅसलरॉकवरून थेट मुरगांवच्या धक्क्यावर पोंचूं लागला. दोन्हीकडे मीटर गेजच असल्यामुळें माल उतरून पुन्हां भरावा लागत नसे. युरोपांत फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर ओंदाय नि ईरुन येथें रुळांचें मापच बदले, त्यामुळें तेथें उतारूला गाडी सोडावीच लागे. येथें तशी अडचण मुद्दाम ठेवलेली नव्हती. या मार्गाच्या प्रत्येक खिळ्यांत एकच गृहीत होतें: हद्द आहे, पण ती असून नसल्यासारखी.

हें गृहीत चारच वर्षें टिकलें. बारा वर्षांची मुदत १८९२ च्या जानेवारींत संपली आणि तहाचें नूतनीकरण झालें नाहीं. इंग्रजांना मिठाचा बंदोबस्त दुसऱ्या उपायांनीं करतां येण्याजोगा होता. पोर्तुगालला आपल्या वसाहतींतील जकातीचें उत्पन्न आणि स्वातंत्र्य परत हवें होतें. म्हणजे बारा वर्षांच्या तहांतलीं आठ वर्षें आगगाडी तयार होण्यांत गेलीं, आणि ती तयार झाल्यावर जकातीवांचून चालण्याचें भाग्य तिला जेमतेम चार वर्षें लाभलें. त्यांतच १८९४ सालीं ब्रिटिश हिंदुस्थान सरकारनें, १८८२ पासून बहुतांशीं उठविलेली आयात जकात पुन्हां बसविली. जी गाडी हद्द नाहींशी झाली म्हणून घातली, तिच्याच वाटेवर हद्द पहिल्यापेक्षां ठळक होऊन उभी राहिली. पूर्वीं घाटाघाटांतून पन्नास पायवाटा होत्या आणि सरहद्द त्या सर्वांवर विखुरलेली होती. आतां ती फलाटावर एकवटली.

वर येणाऱ्या गाडीची झडती कॅसलरॉकला होई, खालीं जाणारीची कुळ्यास. पेट्या फलाटावर उतरत, गांठोडीं सुटत, जकातीचा कारकून यादी करी, आणि तोंवर इंजिन वाफ सोडीत उभें राही. गोव्याहून लग्नाला आलेल्या मावशीच्या बोचक्यांत नवें लुगडें आहे कीं विक्रीचा माल आहे, हा निवाडा करण्याचा अधिकार एका तिऱ्हाइतास प्राप्त झाला होता. असल्या जकातीच्या रेषा हिंदुस्थानांत इतरत्रहि होत्या. फ्रेंचांच्या पांडिचेरीभोंवतीं ती होती. आणि काठेवाडच्या संस्थानांकडून येणाऱ्या उतारूंना विरमगामच्या नाक्यावर जो जाच होई त्याची तक्रार गांधीजींनीं आफ्रिकेहून परतल्यावर लागलीच हातीं घेतली, आणि १९१७ सालीं तो नाका उठला. कॅसलरॉकचा नाका उठविण्यास मात्र एखाद्या व्हाइसरॉयचा हुकूम पुरेसा नव्हता; पलीकडची बाजू दुसऱ्या राजाची होती.

बंदराच्या आशाहि पुऱ्या झाल्या नाहींत. मुरगांव हें पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम नैसर्गिक बंदरांपैकीं एक. पण त्याच्या पाठीमागचा सारा मुलूख परक्या राज्यांत. मुंबई बंदर नि तेथें जाणाऱ्या रेल्वे यांची चढाओढ होतीच. हमीच्या व्याजाचा भार पोर्तुगालला जड होऊं लागला, आणि अखेर १९०२ सालीं मार्ग चालविण्याचें काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोंपविण्यांत आलें. १९०८ सालीं ती कंपनी मद्रास रेल्वेशीं एकत्र होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली. त्यामुळें एक विलक्षण प्रकार घडला. रूळ पोर्तुगीज हमीचे, मूळ पैसा लंडनचा, आणि इंजिन, ड्रायव्हर नि गार्ड ब्रिटिश हिंदच्या कंपनीचे. घाटावरील संडूर वगैरे भागांतलें मँगनीज याच वाटेनें मुरगांवीं जाऊन जहाजांत चढे. परराज्यांतून पार होणारा हा माल मोठ्या डौलानें हद्द ओलांडी, आणि मागच्या डब्यांतील माणसाला आपलें अंथरूण उलगडून दाखवावें लागे.

चांदीच्या धंद्यालाही या रेषेचें महत्त्व एका वर्षीं प्रकर्षानें कळलें असेल. १९३० सालीं हिंदुस्थान सरकारनें बाहेरून येणाऱ्या चांदीवर औंसामागें चार आणे जकात बसविली, आणि पुढें ती वाढविली. हुपरीच्या घराघरांत डाग घडविणाऱ्या कारागिराला लागणारी चांदी मुंबईच्या बाजारांतून येई, तेव्हां ही पट्टी त्याच्या भट्टीपर्यंत पोंचणें क्रमप्राप्तच होतें. पोर्तुगीज मुलूख मात्र या पट्टीच्या बाहेर. जेथें एका धातूचे दोन भाव होऊं शकतात तेथें चोरटा व्यापार जन्मतो, हें बाजाराला शिकवावें लागत नाहीं. पुढें सोनें, घड्याळें, विलायती दारू यांच्या चोरट्या वाहतुकीबद्दल गोव्याची हद्द कुप्रसिद्ध झाली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा मुंबई प्रांतांत लागूं झाल्यावर तर घाटाखालीं राजरोस मिळणारी बाटली घाटावर गुन्हा ठरूं लागली.

परंतु या वाटेचा हिशेब केवळ जकातीच्या वह्यांतून मांडणें अन्यायाचें होईल. गोवा आणि दक्षिण महाराष्ट्र यांचें नातें रुळांहून जुनें आहे. गोमंतकांतल्या कित्येक कुळांचीं घराणीं घाटावर, आणि घाटावरच्या कित्येकांचीं कुलदैवतें गोमंतकांत. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांच्या जत्रांना घाटावरून माणसें जात. उलट बाजूनें गोव्याचीं मुलें शिक्षणासाठीं बेळगांव-धारवाडास येत, आणि पोटासाठीं निघालेलीं माणसें मुंबईस. मुंबईचे पुष्कळ लोक आगबोटीनें पणजीस जात हें खरें. पण कोल्हापूर, सांगली, बेळगांव येथल्यांस घाटाचीच वाट जवळची. गाण्याच्या क्षेत्रांत तर गोव्याचें आणि या बाजूचें देणें-घेणें फार मोठें. केरीच्या केसरबाई लहानपणीं कोल्हापुरास येऊन अब्दुल करीमखां यांच्यापाशीं शिकल्या; कुर्डीच्या मोगूबाईंना अल्लादियाखां यांची तालीम प्रथम मिळाली ती सांगलीस. ज्या घराण्याचें मूळ पीठ कोल्हापूरच्या दरबारीं, त्याचा आवाज गोमंतकाच्या मातींतून उठावा, हें कोणत्याहि जकातदाराच्या यादींत मावणारें नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत या मार्गाला आणखी एक विचित्र रूप आलें. ब्रिटिश हिंदुस्थान लढाईंत, पोर्तुगाल तटस्थ. म्हणजे कॅसलरॉक युद्धाच्या आंत नि कुळें युद्धाच्या बाहेर. मुरगांवच्या बंदरांत जर्मनांचीं तीन आणि इटलीचें एक जहाज आश्रयाला येऊन अडकलीं होतीं. मार्च १९४३ मध्यें इंग्रजांच्या एका गुप्त तुकडीनें समुद्रावरून येऊन त्यांच्यावर छापा घातला, आणि चारहि जहाजें बुडालीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत याच बंदरांत स्वीडिश ‘ग्रिप्सहोल्म’ आणि जपानी ‘तेइया मारू’ यांवरील अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली. शत्रूंनीं एकमेकांच्या माणसांना शांतपणें परत करावें, यासाठीं जगाला त्या काळीं फार थोड्या जागा उरल्या होत्या, आणि त्यांत मुरगांव ही एक होती.

सरहद्दीचें राजकीय स्वरूप फलाटावर उघड झालें तें १९४६ सालीं. पोर्तुगालमध्यें १९२६ पासून हुकूमशाही होती आणि १९३० च्या वसाहत कायद्यानें गोमंतकीयांचे राजकीय हक्क आणखी आंखूड केले होते. सभा भरविणें, भाषण करणें, छापणें, सर्वांवर बंधनें. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया यांनीं मडगांवीं बंदी मोडून सभा केली. त्यांना पकडून गोव्याबाहेर काढण्यांत आलें. आपण तीन महिन्यांनीं परत येऊं असें ते सांगून गेले होते, आणि ते आले, तेहि आगगाडीनें. २९ सप्टेंबर १९४६ रोजीं कुळें स्टेशनावर पोर्तुगीज पोलिसांनीं त्यांना गाडींतून उतरवून घेतलें. सुमारें दहा दिवस आग्वादच्या किल्ल्यांत ठेवून मग त्यांना हद्दीपार केलें. चोपन्न वर्षें ज्या फलाटावर लुगडीं नि बाटल्या तपासल्या गेल्या, तेथें आतां माणसाचे विचार जकातीच्या मालांत मोडूं लागले. गांधीजींनीं ‘हरिजन’मधून लोहियांचा पक्ष घेतला, आणि कुळें हें नांव महाराष्ट्रांतल्या वर्तमानपत्रें वाचणाऱ्या घरांना परिचयाचें झालें.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर कॅसलरॉकचा अर्थ पुन्हां बदलला. आतां ती स्वतंत्र हिंदुस्थानची सीमा होती. कोल्हापूर, मिरज, सांगली हीं संस्थानें १९४८–४९ मध्यें विलीन झालीं. हातकणंगल्याहून निघालेल्या उतारूच्या वाटेवरच्या बाकी साऱ्या हद्दी विरघळल्या, आणि उरली ती एवढी एक. म्हणूनच ती अधिक खुपूं लागली. पुण्यास गोवा विमोचन सहायक समिति स्थापन झाली. १८ मे १९५५ रोजीं ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखालीं पहिली तुकडी गोव्यांत शिरली, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजीं हजारों निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनीं हद्द ओलांडावयास निघाले. त्यांतली एक वाट कॅसलरॉकची. त्या दिवशींच्या गोळीबारांत वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. यानंतर हिंदुस्थान सरकारनें गोव्याशीं असलेले व्यवहार तोडले, आणि सदुसष्ट वर्षें चाललेली घाटांतली गाडी बंद पडली.

हीं सहा वर्षें या स्टेशनाच्या इतिहासांतलीं सर्वांत मुकीं आहेत. लोंढ्याहून येणारी गाडी कॅसलरॉकला संपे. पलीकडे कुळ्यापासून मुरगांवपर्यंत पोर्तुगीजांची तुटकी रेल्वे आपल्यापुरती चाले. गोवा सरकारनें समुद्राकडे तोंड वळविलें. दाबोळीस विमानतळ झाला, परदेशी जहाजांतून धान्य नि बटाटे येऊं लागले, आणि लोखंडाच्या कच्च्या मालाची जपानकडे निर्यात वाढल्यामुळें हातांत पैसाहि खेळूं लागला. घाटावरची नाकेबंदी गोव्याची उपासमार करील अशी जी अटकळ दिल्लीस कांहींनीं बांधली होती ती खरी ठरली नाहीं. उपासमार झाली ती नात्यांची. बेळगांवच्या लेकीला कुडचड्यांतल्या आईच्या आजारपणाला जाणें दुरापास्त झालें. लग्नें, बाराव्याचे विधी, जत्रा, सारें परवान्यांच्या कागदांत अडकलें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यांतून म्हैसूर राज्यांत गेला आणि त्याबरोबर कॅसलरॉकहि गेलें, पण त्या स्टेशनाच्या दृष्टीनें घाटाखालची हद्दच अजून खरी हद्द होती.

१९६१ च्या डिसेंबरांत, १७ तारखेच्या रात्रीं हिंदी सैन्य गोव्यांत शिरलें आणि १९ तारखेस पोर्तुगीज सत्ता संपली. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत गेली; घाटाचे रूळ पुन्हां जोडून वाहतूक सुरू होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. पुढें हा मार्ग सदर्न रेल्वेंत आला, १९६६ नंतर दक्षिण-मध्य रेल्वेकडे आणि २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे गेला. तहाच्या काळापासून चालत आलेलें मीटर गेज १९९० नंतरच्या दशकांत उखडून रुंद रूळ टाकण्यांत आले. मिरज-कोल्हापूर फांटा १९७१ मध्येंच रुंद झाला होता, त्यामुळें मधलीं वीस-पंचवीस वर्षें मिरजेस उतारूला माप बदलल्याचा जो त्रास पोर्तुगीज अंमलांत कधीं झाला नव्हता तो स्वराज्यांत सोसावा लागला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे मडगांवावरून धांवूं लागली आणि मुंबईच्या उतारूंनीं घाटाच्या वाटेकडे पाठ फिरविली.

घाटांतल्या रुळांवरून वाद मात्र थांबलेला नाहीं. कॅसलरॉक ते कुळें हा मार्ग दुहेरी करावा अशी रेल्वेची योजना पुढें आली, तेव्हां मुरगांवचा कोळसा वर नेण्यासाठीं हें चाललें आहे असा गोव्यांत बोभाटा झाला, आणि २०२० सालीं लोक रात्रीं रुळांवर येऊन बसले. घाटाचें जंगल अभयारण्यांत मोडतें. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें या दुहेरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची संमति रद्द केली. १८७८ सालीं गोव्याच्या माणसाला न विचारतां जो रूळ ठरला, त्याच्या शेजारीं दुसरा घालतांना तरी त्याला विचारावें लागलें, एवढा फरक दीडशें वर्षांत पडला आहे.

मिरजेहून निघून कॅसलरॉकलाच संपणारी एक पॅसेंजर गाडी रुंद रूळ पडल्यानंतरहि अनेक वर्षें वेळापत्रकांत राहिली. हुपरीचा उतारू हातकणंगल्यास बसून, मिरजेस गाडी बदलून तिनें गेला असतां जेथें उतरे, त्या फलाटाच्या पलीकडे आतां कोणतेंहि राज्य सुरू होत नाहीं. फक्त घाट सुरू होतो. खालून येणाऱ्या जड गाडीला कुळ्यास मागून जादा इंजिनें जोडतात, तीं दूधसागरावरून तिला ढकलीत वर आणतात, आणि कॅसलरॉकला आल्यावर सोडतात. गाडी तेथें थांबते ती तेवढ्यासाठीं.